पन्नासावर बसलेलं बटण

पन्नास या आकड्याविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी मरेपर्यंत मागे घेणार नाही. शून्याचं मला काही वाटत नाही. शून्य निदान तोंडावर बोलतं. शंभरही ठीक आहे. थोडा फुगवून सांगतो, पण मनाने चांगला. हा मधला पन्नास मात्र सभ्य चेहरा करून मधोमध बसतो आणि आपण कोणाच्या बाजूचे, याचा ताकास तूर लागू देत नाही. या पन्नासाने जर्मनीतल्या आमच्या उंटरवायहर गावाचा ऑर्गन जवळजवळ भंगारात घातला होता. माझी जी नाचक्की झाली ती वेगळीच.

ऑर्गन आमच्या चर्चमधला. वय दीडशेच्या वर, नळ्या सहाशे बारा. त्यांतल्या चाळीसेक कायमच्या मुक्या आणि नऊ अशा, की कोणी विचारलं नसतानाही बोलतात. गेली अडतीस वर्षं तो माझी बायको रोस्वीटा वाजवते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चर्चच्या वरच्या कार्यालयातून पत्र आलं, की एक तर या ऑर्गनची नीट दुरुस्ती होईल, नाहीतर तो उतरवून त्या जागी विजेचा बसवण्यात येईल. विजेच्या त्या डब्याला पाचशे भजनं तोंडपाठ असतात. पाटीवर भजनाचा क्रमांक दाबला की तो आपला आपण वाजतो, बाकावर माणूस लागत नाही.

रोस्वीटाने पत्र वाचलं, घडी घातली आणि बटाट्याच्या कोशिंबिरीच्या भांड्याखाली ठेवून दिलं.

"म्हणजे रविवारी सकाळी मी आता काय करायचं?" ती म्हणाली. "खाली बाकावर बसून तुझ्यासारखी डुलक्या काढू?"

मी डुलक्या काढत नाही. मी डोळे मिटून ऐकतो. चौतीस वर्षं रेडिओत काढलेल्या माणसाला ऐकताना डोळ्यांची गरज नसते, हे तिला लग्नापासून सांगतो आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या पाद्री लिंकबाई सायकलवरून आल्या आणि दारातच म्हणाल्या, "डॉर्श, तुम्ही रेडिओत होता ना?"

माणसाला संकटात ढकलण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांत ही सर्वांत सभ्य. दुरुस्तीला अनुदान मिळू शकत होतं, पण वरच्या कार्यालयातल्या डॉ. पेटर्सन यांनी एक अट घातली होती. लोकांना जुन्या ऑर्गनचा आणि विजेच्या डब्याचा फरक कानाने कळतो का, आणि कळून जुनाच आवडतो का, हे श्रवणचाचणी घेऊन सिद्ध करायचं. ऐकणारे किमान एकेचाळीस. चाळीस का नाहीत, हे विचारायची सोय नव्हती. प्रत्येकाने प्रश्नावलीत सरकत्या पट्टीवर शंभरपैकी गुण द्यायचे. जुन्या ऑर्गनची सरासरी साठाच्या वर गेली तर दुरुस्ती, नाहीतर डबा.

"प्रश्नावली तुम्हीच मांडा," लिंकबाई म्हणाल्या. "ते स्लायडर की काय, ते तुमच्या हातातलं काम."

आता स्लायडर म्हणजे काय, तर टॅबलेटच्या पडद्यावर एक आडवी रेघ आणि तिच्यावर एक गोल बटण. डावीकडे ओढलं की वाईट, उजवीकडे ओढलं की चांगलं. रेडिओत माझ्यासमोर अशी छत्तीस बटणं असायची आणि ती मी दोन हातांनी आणि एका कोपराने सांभाळत असे. "यात बिघडण्यासारखं आहे काय?" मी रोस्वीटाला म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात याआधी दोनदा म्हटलं होतं. पहिल्या वेळी तळघरात गुडघाभर पाणी झालं, दुसऱ्या वेळी मेहुण्याची गाडी कार्प माशांच्या तळ्यात गेली.

ध्वनिमुद्रणं चार करायची होती. एक जुन्या ऑर्गनचं, दोन विजेच्या दोन डब्यांची आणि चौथं मुद्दाम वाईट केलेलं. शास्त्रच आहे तसं. वाईट म्हणजे किती वाईट, हे कानाला आधी कळलं पाहिजे. म्हणून मी आमचाच ऑर्गन दुधाच्या रिकाम्या किटलीत मायक्रोफोन सोडून मुद्रित केला. लिंकबाईंना ते पसंत पडलं नाही.

"देवाच्या घरात मुद्दाम वाईट काम?"

"बाई, खाली काय आहे ते कळल्याशिवाय वरच्याची किंमत कळत नाही."

"हेच मी दर रविवारी सांगते," त्या म्हणाल्या, "तेव्हा मात्र तुम्ही डोळे मिटून असता."

पहिली पट्टी मी सरळ मनाने केली. डावीकडे शून्य, उजवीकडे शंभर, बटण सुरुवातीला शून्यावर. तालीम म्हणून निवृत्त शिक्षिका फ्राउ कुप्फर यांना बोलावलं. गावातल्या साठीच्या आतल्या सगळ्यांना त्यांनी शिकवलं आहे आणि साठीच्या वरच्यांना त्या अजून शिकवतात.

"हे काय?" त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "मी अजून ऐकलंही नाही आणि शून्य? एकोणचाळीस वर्षं शिकवलं मी, पेपर न वाचता कोणाला नापास केलं नाही!"

मी म्हटलं, बाई, ते बटण नुसतं तिथे उभं आहे, त्याचं मत नाही ते. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी हेडफोन लावले, चारही मुद्रणं मन लावून ऐकली, आणि जुन्या ऑर्गनला दिला एक. शंभरपैकी एक. मी खुर्चीत बसलो. मग त्यांनी किटलीला सहा दिले आणि समाधानाने पर्स बंद केली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या शाळांत एक म्हणजे सर्वोत्तम आणि सहा म्हणजे नापास. बाईंच्या हाताला एकोणचाळीस वर्षांची सवय. सहाच्या पलीकडे आकडे असतात, ते त्यांच्या लेखी बाजारहाटासाठी.

मी आकडेच काढून टाकले. आणि बटण शून्यावर नको म्हणून, न्यायाधीशासारखं, कोणाच्या बाजूने न झुकणारं असं, बरोबर मध्यावर आणून ठेवलं.

हेच माझं पाप. पण त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आकडे गेले म्हणून शब्द आले. पट्टीखाली पाच शब्द लिहायचे, अशी या धंद्यातली रीत: अत्युत्तम, उत्तम, बरं, सुमार, वाईट. चर्चच्या समितीने या पाच शब्दांवर दोन तास घेतले. माझा शेजारी श्योर्श समितीत आहे. तो कार्पची तळी सांभाळतो, आणि मासे बोलत नसल्यामुळे दिवसभराचं साठलेलं सगळं समितीत बोलतो.

"अत्युत्तम?" श्योर्श म्हणाला. "हा शब्द मी एकदाच ऐकलाय. एक माणूस मला जुना ट्रॅक्टर विकत होता तेव्हा. तिसऱ्या दिवशी चाक निघालं."

अत्युत्तम गेला. उत्तम गेला, कारण फ्राउ कुप्फर म्हणाल्या, वरचा काढल्यावर हाच वरचा होतो आणि त्याला मग तोच रोग लागतो. वाईट गेला, कारण रोस्वीटाला काय वाटेल. सुमार आणि बरं यांत फरक काय, यावर वाद पेटला आणि दोन्ही गेले. शेवटी डाव्या टोकाला 'नाही आवडलं' आणि उजव्या टोकाला 'आवडलं' एवढंच उरलं, तेही 'आवडलं'ला श्योर्शचा लेखी विरोध नोंदवून.

मग वरच्या कार्यालयाचा गोपनीयतेचा फॉर्म आला. कोणी काय गुण दिले ते कोणाला कळता कामा नये, म्हणून नाव विचारायचं नाही. पण कान वयाप्रमाणे मंदावतात, म्हणून वय विचारणं सक्तीचं. आणि वयावरून माणूस ओळखू येत असेल तर वयही विचारायचं नाही. आमच्या गावात चौऱ्याण्णव वर्षांचं एकच माणूस आहे, त्र्याण्णवचं एक आणि एक्याण्णवची दोन, जी एकमेकींशी बोलत नाहीत. मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की वयाचे दोनच गट करावेत: पन्नाशीच्या आतले आणि पन्नाशीच्या वरचे. आतला गट आमच्याकडे एकट्या लिंकबाईंचा.

नोंदणी झाली चाळीस जणांची. एकेचाळिसावा कोणी मिळेना, म्हणून मीच बसलो. रोस्वीटाला अर्थातच बसता येणार नव्हतं.

शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहात चाचणी झाली. श्योर्श पहिला आला. त्याने श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं, हेडफोन लावले, आवाज असा मोठा केला की शेजारच्या टेबलावरच्यालाही दोन वेळा चाचणी देता यावी, आणि डोळे मिटून चारही मुद्रणं ऐकली. जुन्या ऑर्गनच्या वेळी त्याने टोपी काढली. मग तो उठला आणि कोट घालू लागला.

"श्योर्श, बटण हलवायचंय."

"कशाला? बरोबर जागेवर आहे."

"अरे, तुला आवडलं की नाही ते सांगायचंय!"

"मग सांगतोच आहे. जागेवर आहे." आणि तो गेला.

संध्याकाळी निकाल काढला. एकेचाळीसपैकी सदतीस जणांपुढे यंत्राने लिहिलं होतं: उत्तर दिले नाही. बटण हललंच नाही तर माणसाने उत्तर दिलंच नाही, असं यंत्र समजतं. सदतीस माणसं दोन-दोन तास रांगेत थांबली, हेडफोन लावून बसली, एक आजी डोळे पुसत बाहेर पडल्या, आणि यंत्राच्या मते सभागृह रिकामं होतं! मी त्या प्रश्नावलीवर इतका संतापलो, की रोस्वीटाने टॅबलेट माझ्यापासून लांब, पावाच्या डब्यात ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी नवी व्यवस्था केली. बटणाला हात लावल्याशिवाय पुढचं पान उघडणारच नाही. आता बघतो, म्हटलं, कसे निसटता. शनिवारी सगळे पुन्हा आले. फ्राउ कुप्फर यांनी बटण धरलं, उजवीकडे थेट टोकापर्यंत नेलं, माझ्याकडे बघून 'झालं समाधान?' अशी मान हलवली आणि मग गवंडी पाणसळ लावतो तशा काळजीने, एक डोळा मिटून, ते परत बरोबर मध्यावर आणून ठेवलं.

जुन्या ऑर्गनची सरासरी आली एक्कावन्न पूर्णांक दोन. चाळीस जणांनी पन्नास. एकाने शंभर.

आता हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे, पण आम्हा फ्रांकोनियातल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, लोकांत रागावलं नाही म्हणजे शाबासकी दिली असं धरतात. आमच्या जिभेवरची सर्वांत मोठी स्तुती म्हणजे 'चालतंय'. मी निवृत्त झालो तेव्हा आमचे केंद्रप्रमुख चौतीस वर्षांच्या नोकरीबद्दल दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "डॉर्श, चालतंय." हॉलमध्ये दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. कार्प कितीही कुरकुरीत तळलेला असो, खानावळीत आम्ही ताट चाटूनपुसून परत देतो आणि म्हणतो, खाता आला. त्यामुळे मधोमध बसलेलं ते बटण पाहून गावाला वाटलं, की डॉर्शने शहाणपणा करून आपलं मत आधीच बरोबर मांडून ठेवलं आहे. ते हलवणं म्हणजे ऑर्गनचा अपमान.

पण डॉ. पेटर्सन उत्तरेकडच्या हानोवरचे. तिकडचे लोक दुपारच्या कॉफीलाही 'अप्रतिम' म्हणतात. पुढच्या बुधवारी ते निकालाचे कागद घेऊन स्वतः आले. उंच, स्वच्छ आणि अतिशय नम्र माणूस. भांडायला जागाच ठेवत नव्हता.

"आपल्या सर्वांचा मी आभारी आहे," ते जमलेल्या गावापुढे म्हणाले. "आकडे स्पष्ट आहेत. जुन्या वाद्याविषयी आपलं मत मध्यम आहे. विजेच्या वाद्यांना त्रेचाळीस आणि चाळीस मिळाले, म्हणजे फरकही फारसा नाही. अशा स्थितीत दुरुस्तीचं समर्थन करणं मला कठीण जाईल."

मग श्योर्श उठला. तो उठला की खुर्चीही थोडी उठते.

"मध्यम? कोण म्हणालं मध्यम?"

"आपण पन्नास दिलेत."

"हो, पन्नास दिले! साहेब, मी बायकोलासुद्धा पन्नासच दिलेत, आणि सेहेचाळीस वर्षं झाली!"

"मग," डॉ. पेटर्सन म्हणाले, "इतकं आवडत असेल तर शंभर का नाही दिले?"

"शंभर?" फ्राउ कुप्फर यांनी हा शब्द चिमट्यात धरल्यासारखा उच्चारला. "शंभर द्यायला आम्ही काय बर्लिनचे आहोत?"

"एकाने दिले आहेत," डॉ. पेटर्सन कागद बघत म्हणाले.

आता चाळीस माना वळल्या. कोण हा खुशामतखोर, असा प्रश्न बाकाबाकांवरून फिरला. मी छताकडे पाहत होतो. छत अतिशय सुंदर आहे आमचं, लोक उगाच दुर्लक्ष करतात.

घरी गेल्यावर रोस्वीटाने टोपी न काढताच विचारलं, "तूच ना?"

"मग? तुझा ऑर्गन आहे, मी कमी देऊ?"

"अडतीस वर्षांत एकदा तोंडातून शब्द नाही, आणि परक्या यंत्राला सांगतोस शंभर! लाज वाटली मला. लोक म्हणतील, रोस्वीटाला नवऱ्याकडून वशिल्याचे गुण घ्यावे लागतात." मग ती खुर्चीवर बसली आणि हातमोजे काढताना हळू आवाजात म्हणाली, "डबा आला ना, ओटमार, की मला त्या जिन्याने वर जायचंही कारण उरणार नाही."

मला वादळ चालतं, हे असलं चालत नाही. मी जेवण टाकून अंगणात गेलो. कुंपणापलीकडे श्योर्श माशांचं जाळं दुरुस्त करता करता डॉ. पेटर्सन यांच्याविषयी बोलत होता. ऐकणारं कोणी नव्हतं, तरी बोलत होता. त्यांचे बूट फार चकचकीत. गाडी दोन जागा अडवून लावलेली. हात मिळवतात तेव्हा कार्पपेक्षा थंड लागतो. टाय ठीक होता, पण गाठ डावीकडे गेलेली, साधारण बोटभर. मी कुंपणाला हात टेकवून ऐकत राहिलो. स्तुती करताना एका शब्दापलीकडे न जाणारा हा माणूस तक्रारीत बोटाबोटाचा हिशेब ठेवत होता!

मी आत धावलो. पावाच्या डब्यातून टॅबलेट काढला आणि प्रश्नच बदलून टाकला. 'किती आवडलं?' गेला. त्या जागी लिहिलं: 'ऐकून किती तक्रार करावीशी वाटते?' उजव्या टोकाला 'मुळीच नाही', डाव्या टोकाला 'बसा, सविस्तर सांगतो'. आणि बटण? बटण सुरुवातीला कुठेच नाही. नुसती कोरी रेघ. माणूस बोट टेकवील तिथे ते उगवणार. न्यायाधीश नको, मधोमध नको, काही नको. शिवाय खाली एक रिकामी चौकट ठेवली: 'तक्रार थोडक्यात लिहा.'

'थोडक्यात' हा शब्द कोणी वाचला नाही.

तिसऱ्या वेळी चाचणीला दोन दुपारी लागल्या. लोक वेळेआधी आले. काहींनी घरून टिपणं आणली होती. फ्राउ कुप्फर यांनी पहिल्या डब्याला एकदा बोट टेकवून पाहिलं, मग 'नाही, एवढ्यावर नको सोडायला' असं म्हणून आणखी डावीकडे नेलं, मग पुन्हा ऐकलं आणि पुन्हा नेलं. ज्या हातांना आठ दिवसांपूर्वी पन्नासाशिवाय जागा माहीत नव्हती, ते हात आता सोनाराच्या तराजूसारखे चालत होते. विजेच्या डब्यांविषयी लोकांनी लिहिलं, की याला श्वासच नाही. हा आमेन असा म्हणतो जसा कोणी फोन ठेवतोय. हा डबा कधी थंडीत उठून चर्चला आलेला नाही. किटलीवरचा राग त्या मानाने कमी होता. एकाने लिहिलं, किटली आहे पण निदान आपली आहे.

प्रश्न तक्रारीचा होता, पण उजवं टोक बिनतक्रारीचं, म्हणून आकडे सरळच वाचता आले. दोन डब्यांना सोळा आणि बारा. किटलीला एकोणचाळीस. जुन्या ऑर्गनला त्र्याण्णव!

डॉ. पेटर्सन पुन्हा आले. त्यांनी आकडे तीनदा तपासले. प्रश्न उलटा विचारता येतो का, हे नियमावलीत शोधलं. नियम एवढाच होता, की पट्टी डावीकडे वाईट आणि उजवीकडे चांगली असावी. ती तशीच होती. शेवटी त्यांनी सही केली. दुरुस्ती मंजूर. लिंकबाईंनी माझा हात धरून हलवला. श्योर्शने मला एक जिवंत कार्प दिला, तोही टोपलीशिवाय.

इथे थांबायला हवं होतं. पण सहीनंतर डॉ. पेटर्सन म्हणाले, "निकालाची एक प्रत लोकांच्या अभिप्रायांसह चर्चच्या दारावर लावावी लागेल. पारदर्शकतेचा नियम आहे."

मी अभिप्राय वाचले नव्हते. मी आकड्यांचा माणूस. यंत्राला 'सर्व छापा' सांगितलं, पानं दारावर टाचली आणि घरी येऊन कार्पच्या मागे लागलो.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर दारापुढे गर्दी झाली. त्र्याण्णवमध्ये जे सात कमी पडले होते, त्यांचा खुलासा तिथे होता. एकोणतीस जणांनी, वेगवेगळ्या शब्दांत, एकच तक्रार केली होती: ऑर्गनविषयी काही म्हणणं नाही. वाजवणारी बाई तिसरं कडवं फार संथ घेते. एकाने लिहिलं होतं, तिसऱ्या कडव्यात मी एकदा चुलीवरचं मांस आठवून घाबरलो, घरी जाऊन विस्तव कमी केला, परत आलो, तेच कडवं चालू होतं.

रोस्वीटा प्रत्येक अभिप्राय वाचत होती. अक्षरांवर बोट फिरवत. मी तिला ओढून नेऊ पाहिलं.

"चल, लोक काहीही लिहितात. निनावी आहे सगळं."

"थांब," ती म्हणाली. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिने ती मोठ्याने वाचली. "'तिसऱ्या कडव्याची गती मिनिटाला सेहेचाळीस ठोके. बासष्ट असावी. आवाजाचा समतोल मात्र चांगला.'"

सगळे माझ्याकडे बघू लागले. उंटरवायहर गावात मिनिटाचे ठोके मोजणारी माणसं किती आहेत, हे गोपनीयतेच्या फॉर्मने विचारलं नव्हतं.

मी तिला नंतर घरी नीट समजावलं. पहिल्यांदा शंभर दिले तर तूच म्हणालीस वशिला. म्हणून दुसऱ्यांदा प्रामाणिकपणे लिहिलं. अडतीस वर्षं मनात ठेवलेलं फक्त एकदा, तेही यंत्राला सांगितलं. तुझाच ऑर्गन वाचावा म्हणून मी तीन प्रश्नावल्या केल्या, तीन पत्रं लिहिली, गावासमोर छताकडे बघत उभा राहिलो! याचं काही मोल आहे की नाही?

"आहे ना," रोस्वीटा म्हणाली. "म्हणून तर तुला काम मिळालंय. लिंकबाईंशी बोलणं झालंय माझं."

दुरुस्तीत पहिली गोष्ट उतरली ती ऑर्गनला हवा पुरवणारी विजेची मोटर. ती आठ आठवडे कारखान्यात राहणार. तोवर हवा जुन्या पद्धतीने भरायची, म्हणजे ऑर्गनमागच्या खोलीत जे दोन मोठे लाकडी पायदांडे आहेत त्यांवर चढून भाता तुडवायचा. एकदा हा, एकदा तो. हे काम गावात शेवटचं कोणी केलं, ते त्या एक्याण्णवच्या दोघींनाच माहीत आहे.

तर सध्या मी दर रविवारी तिथे असतो. खिडकी नाही, खुर्ची नाही, समोर भिंत आणि पायाखाली दीडशे वर्षांपूर्वीच्या सुताराचा द्वेष. पहिलं कडवं बरं जातं. दुसऱ्यात कोट काढतो. आणि मग तिसरं सुरू होतं. मी घड्याळ लावून मोजलं आहे, मोजणं सुटत नाही: पहिल्या रविवारी सेहेचाळीस ठोके, दुसऱ्या रविवारी त्रेचाळीस, गेल्या रविवारी एकोणचाळीस. पायांनी घाई करून उपयोग नसतो. भाता भरला की नुसता सुस्कारा टाकतो. आणि पाय थांबवले तर सहाशे बारा नळ्या एकदम विव्हळतात आणि सगळं चर्च वळून माझ्या भिंतीकडे बघतं.

काल लिंकबाईंना अडवून मी स्पष्ट सांगितलं, की मला लेखी तक्रार करायची आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "डॉर्श, तुम्ही तर भात्याच्या अगदी जवळ उभे असता. गावात इतक्या जवळून ऑर्गन कोणी ऐकत नाही. कसा वाटतो?"

खोटं बोलायची सोय नव्हती. श्वास लागला होता, गुडघे दुखत होते, पण त्या अंधाऱ्या खोलीत, तिसऱ्या कडव्यात, बायकोचे हात आणि माझे पाय मिळून तो एकेक सूर इतका सावकाश आणि भरून येतो, की एकोणचाळीसची गती मला आता बरोबर वाटू लागली आहे. हे मी बाईंना सांगितलं. वर विनंती केली, की हे कृपया घरी कळता कामा नये. ती पुढच्या रविवारी पस्तीसवर जाईल.

पण आमच्या गावात गोपनीयतेचा फॉर्म फक्त कागदावर भरतात. आज सकाळी रोस्वीटा भजनांची वही चाळत होती. सात कडव्यांची भजनं तिने निवडून बाजूला काढून ठेवली आहेत.